दोलिकाचा घरजावई

वायसन सुतार दोलिकाच्या आयुष्यात आला तो उतारावरून, सायकलवरून आणि डबलबेडसकट.

महोगनीचा तो पलंग त्याने कॅरियरला आडवा बांधला होता आणि सायकलला ब्रेक नव्हते. नामिसेरो बाजाराच्या उतारावर आधी टोमॅटोवाल्या बायका लागल्या. त्या दिवशी बाजारात टोमॅटो कोणी विकले नाहीत, नुसते पुसले. मग सुक्या मासळीची ओळ आली. वर्षभर वाळत पडलेली ती मासळी म्हणे क्षणभर पुन्हा पोहली. पुढे एक प्रचारक भोंग्यावरून जगाचा शेवट जवळ आल्याचं सांगत होता. पलंग त्याच्या पुढ्यातून गेला तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अकरा जणांनी जागच्या जागी दारू सोडली. नाक्यावरच्या हवालदाराने हात दाखवून थांबायला सांगितलं. पुढच्या क्षणी तो स्वतःच पलंगावर होता. शेजारी कुठूनतरी चढलेली एक शेळी होती आणि हवालदार सवयीने वायसनकडे लायसन्स मागत होता.

ही सगळी वरात पिठाच्या गिरणीसमोरच्या रांगेत, दोलिकाच्या पायांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. दोलिकाच्या डोक्यावर मक्याची परात होती. एक दाणा सांडला नाही. रांगेतल्या बाकीच्या बायका झाडामागे गेल्या होत्या.

"ब्रेक नाहीत?" दोलिकाने विचारलं.

"आजवर लागले नव्हते," वायसन म्हणाला.

दोलिकाची आई नाफिरी शपथेवर सांगते, की ती शेळी त्यांचीच होती आणि ती पलंगावरून उतरायला तयार नव्हती. म्हणून तिला आणायला दोलिकाला सुताराच्या दुकानात जावं लागलं. शेळी आणायला ती चार वेळा गेली.

आमच्याकडे लग्न झालं की मुलगी कुठे जात नाही. मुलगा येतो. जमीन बायकांची, घर बायकांचं, मुलं बायकांच्या कुळाची. नवरा येताना एक घोंगडी, एक कुदळ आणि असलीच तर सायकल घेऊन येतो. गावात जेवढे नवरे तेवढे घरजावई. सासूसमोर खाली मान घालून बसायचं, छप्पर गळलं तर वर चढायचं आणि आपण या गावचे कोण, असा प्रश्न मनात आला तर कुंपण दुरुस्त करायला घ्यायचं, हा त्यांचा धर्म.

असं उपरं माणूस घरात घ्यायचं तर जामीन हवा. तो जामीन म्हणजे मामा. मुलाचा मामा कोंबडा आणतो, मुलीचा मामा कोंबडी देतो, दोघे अदलाबदल करतात आणि त्या घडीपासून लग्न त्या दोन मामांच्या डोक्यावर. आमटीतल्या मिठापासून अंथरुणातल्या भांडणापर्यंत सगळं मामांकडे जायचं. वायसनकडून कापेनीमामा उभे राहिले. दोलिकाकडून तिचे सख्खे मामा, चिसालेमामा.

चिसालेमामांविषयी सांगायचं तर त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, भाषण आणि लौकिक. भाषण ते कुठेही करत. लौकिक असा, की चौदा लग्नांना ते जामीन राहिले होते आणि चौदांतलं एकही मोडलं नव्हतं. हे ते स्वतः सांगत. बारशात सांगत, बियाणं वाटायच्या सभेत सांगत. एकदा तर परक्या गावच्या फुटबॉलच्या सामन्यात, मध्यंतराला, मैदानात जाऊन सांगितलं होतं.

सोळा वर्षं संसार चालला. थोको झाली, मग मायामिको झाली. दोलिका नामिसेरोच्या बाजारात एका वाण्याच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसायची. ओट्यावर पाच शिंपी, त्यांत ती एकटी बाई. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप आणि जीभ टाचण्यांपेक्षा तेज. समोरून चालत जाणाऱ्या माणसाचं माप ती बसल्या जागी सांगायची. चर्चच्या महिला मंडळात पहिला सूर तिचा. तिने सूर लावला की बाकीच्या चाळीस जणी डोळे मिटून मागे जायच्या, कारण दोलिका चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रस्त्यापलीकडे वायसनचं दुकान. पलंग, दारं आणि मागच्या बाजूला शवपेट्या. पेट्यांच्या आतली पांढरी झालर दोलिका शिवून द्यायची. रोज सकाळी वायसन रस्ता ओलांडून यायचा, तिचं जड मशीन वाण्याच्या दुकानातून उचलून ओट्यावर मांडायचा आणि जायचा. यात प्रेम वगैरे आहे असं दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं. मशीन जड होतं, एवढंच.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी वायसन म्हणाला, "थोकोची आई, या पेटीला चुण्या दुहेरी घाल. गिऱ्हाईक खास आहे."

"कोण एवढं?"

"आहे एक म्हातारी. भली बाई होती."

दोलिकाने दोन संध्याकाळी वाकून झालर शिवली. पांढरा दोरा शेवटी संपला. तीन दुकानं पालथी घातली तरी मिळाला नाही. मग एका कडेला तिने निळ्या दोऱ्याने टीप मारली आणि ती बाजू आत दुमडली. गुरुवारी वायसनने निळा शर्ट इस्त्री करायला दिला. दर पंधरा दिवसांनी जायचा तसं फळ्या आणायला ब्लांटायर शहराला जायचं होतं, दोन दिवस.

"फळ्यांना बघायला इस्त्रीचा शर्ट?" दोलिका कोळशाच्या इस्त्रीवर फुंकर घालत म्हणाली. "फळ्या काय लाजतात की काय?"

वायसन हसला. तो छान हसायचा, ही त्याच्यातली मोठी अडचण होती.

शनिवारी सकाळी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा अचानक निरोप आला. चितुंगू गावच्या मंडळातली एक वृद्ध बाई वारली होती आणि आपल्या बायकांनी गायला जायचं होतं. पांढरे ब्लाऊज, काळे स्कर्ट, डोक्याला पांढरं फडकं, अशा चाळीस जणी ट्रकमध्ये उभ्या राहून निघाल्या.

चितुंगूला घरात शिरून बायका मयताभोवती बसल्या. दोलिकाने पेटीत पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. दुहेरी चुण्या! इतक्या सारख्या, की पाण्यावरच्या लाटा वाटाव्यात. एका कडेला निळा दोरा किंचित डोकावत होता. पेटी इथेच आली तर.

"बाई," ती अध्यक्षबाईंच्या कानात कुजबुजली, "ही झालर माझी."

"दोलिका, आधी मेलेल्या माणसाचं तोंड बघ."

तिने पाहिलं. म्हातारी खरंच भली दिसत होती.

दफनभूमीत माती झाली आणि फुलं वाहायला सुरुवात झाली. एक जण कागद घेऊन नावं पुकारत होता. आमच्याकडे फुलांचा मान नावाने पुकारला जातो. कोण घरचं, कोण दारचं, हे जिवंतपणी कळलं नाही तरी मेल्यावर सगळ्या गावाला ऐकू येतं. चर्च झालं, शेजार झाला, भाचे झाले. दोलिकाने चार कडव्यांचं गाणं लावलं होतं. चौथं कडवं चालू होतं.

"आता घरचे जावई!" कागदवाला ओरडला. "थोरले जावई!"

एक टकला माणूस फुलं ठेवून गेला.

"आणि धाकटे जावई! ज्यांनी आईसाठी स्वतःच्या हाताने पेटी केली! वायसन सुतार!"

निळा शर्ट पुढे आला. कॉलर कडक होती. गुरुवारी तिनेच दोनदा फिरवली होती इस्त्री.

चौथं कडवं संपलं. दोलिका थांबली नाही. थांबलं तर काहीतरी होईल असं तिला वाटलं. काय होईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिने पाचवं कडवं सुरू केलं. त्या गाण्याला पाचवं कडवं नाही. त्यात कोणते शब्द होते हे त्या चाळीस जणींपैकी एकीलाही आज सांगता येत नाही. पण दोलिका चुकत नसल्यामुळे चाळीसही जणी डोळे मिटून मागे गेल्या. पाद्री पुस्तकाची पानं उलटीपालटी करत होते. त्या आवाजाने वायसनने मान वर केली.

त्याने दोलिकाला पाहिलं. मग त्याने हातातली फुलं अतिशय आदराने पाद्र्यांच्या बुटांवर ठेवली आणि तो मागे सरकला.

परतीच्या ट्रकमध्ये पाच मैल गेले. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोलिका, तो माणूस जरा वायसनसारखा दिसत होता का गं?"

"सारखा," दोलिका म्हणाली.

तिला रडू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि ती भलतीच होती. पांढऱ्या दोऱ्यासाठी आपण तीन दुकानं फिरलो. उन्हात. सवतीच्या आईच्या झालरीचा रंग बिघडू नये म्हणून.

रविवारी वायसन परत आला तेव्हा त्याची घोंगडी, कुदळ आणि हत्यारांची पेटी नाफिरीने अंगणात मांडून ठेवली होती. वर्‍हाडाला निरोप द्यावा तशी ती दारात उभी होती.

"या जावईबापू! फळ्या मिळाल्या? चितुंगूच्या फळ्या चांगल्या असतात म्हणे. त्यांना लुगडं नेसवलं की झालं!"

"आई, मला थोकोच्या आईशी बोलू दे."

"कोणत्या आईशी? तुला आया पुष्कळ झाल्या. एक तर कालच पुरलीस."

वायसन खाली मान घालून दुकानात राहायला गेला. लोक म्हणत, तो आता पेटीत झोपतो. खोटं होतं ते. तो पेट्यांच्या शेजारी झोपायचा.

आता प्रश्न एकच होता. दोलिकाने त्याला परत घ्यायचं की नाही? नामिसेरोच्या बाजारात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. ओट्यावरचे चार शिंपी या प्रश्नावर दोन-दोन झाले. पाद्री म्हणाले, क्षमा कर. अध्यक्षबाई म्हणाल्या, क्षमा कर, पण लगेच नको, एक वर्ष जाऊ दे. नाफिरी म्हणाली, "माझ्या घरात तो पुन्हा आला तर मी जाईन." यात तथ्य नव्हतं, घर तिचंच होतं. चिसालेमामा तर रोज यायचे.

"बाळ, चौदा लग्नं," ते म्हणायचे.

"माहीत आहे मामा."

"एकही मोडलेलं नाही."

"तेही माहीत आहे."

"मग झालं तर!" आणि ते घाईघाईने उठून जायचे. मामा एवढ्या कमी शब्दांत आटोपतात याचं दोलिकाला नवल वाटायचं. तिला वाटलं, त्यांनाही धक्का बसलाय.

दोलिकाला स्वतःचाही धक्का बसत होता. ती पलंगावर आडवी-तिडवी झोपायला लागली होती आणि झोप छान लागत होती. याची तिला लाज वाटली. आणि दुसऱ्या बाजूला हे, की भांडणानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी ती बाजारात पोचली तर मशीन ओट्यावर मांडलेलं होतं. मंगळवारीही. वायसन पलीकडे रंधा मारत होता, पाठ करून. चौथ्या दिवशी ती मुद्दाम लवकर गेली. तो मशीन उचलून आणत होता. त्याने तिला पाहिलं, मशीन खाली ठेवलं, एका पायाखाली लाकडाची चिप सारून डगडग थांबवली आणि गेला. दोलिका त्या चिपेकडे बराच वेळ बघत बसली.

तिसऱ्या आठवड्यात एक बाई ओट्यावर आली. काळं फडकं डोक्याला, सुतकातलं. काळा स्कर्ट शिवायचा होता. दोलिकाने तोंडात टाचण्या धरून तिच्या कमरेभोवती टेप घातली.

"ताई," बाई हळूच म्हणाली, "मी फनेसी. चितुंगूची."

टेप तशीच राहिली. दोलिकाने आकडा वाचला. चौतीस. आपल्यापेक्षा दोन इंच जास्त. अशा वेळी मनात काय यावं याला काही धरबंध नसतो.

"ताई, मला माहीत नव्हतं हो. तुम्ही… तुम्ही वारलात असं सांगितलं होतं मला."

दोलिकाने एक एक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

"कशाने?"

"मलेरियाने. पण शांतपणे गेलात. त्रास नाही झाला."

"बरं झालं बाई."

"फार चांगलं बोलायचे तुमच्याबद्दल. शिवण चांगलं, आवाज गोड, मुलींवर माया. मी तर दर ख्रिसमसला तुमच्या नावाने प्रार्थना करायचे." फनेसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या दिवशी स्मशानात तुम्ही गात होतात तेव्हा मी आत्याला म्हटलंसुद्धा, काय आवाज आहे या बाईचा!"

दोलिकाच्या घशातून एक आवाज निघाला. ओट्यावरचे चारही शिंपी पाय थांबवून बघायला लागले. त्यांना वाटलं, झालं, आता कात्री. पण दोलिका हसत होती. हसता हसता तिने ओट्याच्या खांबाला धरलं. थोड्या वेळाने फनेसीही हसायला लागली, मग दोघी रडल्या, मग दोलिकाने उरलेली मापं घेतली.

"आता तू काय करणार?" दोलिकाने विचारलं.

"तुम्ही थोरल्या. आधी तुम्ही ठरवा." फनेसी उठली, मग जरा घुटमळली. "खरं सांगू ताई? तुम्ही त्यांना परत घ्या. महिन्यातले चार दिवस ठीक होतं. पूर्ण महिना तो माणूस मला झेपायचा नाही. घोरतात किती!"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाचा न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ढवळता ढवळता दोलिकाचं ठरलं. परत घ्यायचा. का ते तिला नीट सांगता आलं नसतं. लाकडाची ती चिप असेल. थोको जेवताना बापाच्या रिकाम्या जागेकडे बघायची नाही, मुद्दाम बघायची नाही, तेही असेल. आणि ज्या माणसाने आपल्याला मारायचं तर मारलं, पण त्रास न होता मारलं, त्याच्याशी पुन्हा कधीतरी हसता येईल असं तिला वाटलं. तिने दुसरा एक शर्ट, पांढरा, इस्त्री केला आणि घडी करून पिशवीत ठेवला. बैठकीत होकार दिला की त्याला द्यायला.

बैठक चिसालेमामांच्या पडवीत बसली. दोन मामा खुर्च्यांवर, बायका चटईवर, वायसन टोपी हातात धरून जमिनीवर, सगळ्यांपासून लांब. मामींनी मक्याचं आंबट-गोड थोब्वा पेल्यांत भरून दिलं. कापेनीमामांनी घसा खाकरला. दर ख्रिसमसला ते दोलिकाकडे जेवायचे आणि कोंबडीच्या पोट्याचा तुकडा, जो घरच्या कर्त्याचा मान, तो ती आठवणीने त्यांना वाढायची.

"कोंबडीचा पाय लागून पिल्लू मरत नाही," कापेनीमामा म्हणाले. "चूक झाली. पोरगा चुकला. आम्ही माफी मागायला आलोय."

"पिल्लू कसलं?" नाफिरी कडाडली. "माझी धडधाकट पोरगी मेली म्हणून सांगत फिरलात! लाज कशी वाटली नाही?"

"आता ते काय मी एकट्याने सांगितलं?"

हे कापेनीमामा सहज बोलून गेले. चिसालेमामांनी पेला तोंडाला लावला आणि तो खाली आणलाच नाही.

"म्हणजे?" नाफिरी म्हणाली.

"म्हणजे आता…" कापेनीमामा चाचरले. "नाफिरी, तूच सांग. बायको मेलेल्या माणसाला मोकळीक कोण देतं? मी देऊ शकतो का? मी तर मुलाच्या बाजूचा. बायकोच्या मामाने सुतक फेडल्याशिवाय त्या माणसाचं दुसरं लग्न लागतं कुठे? चितुंगूवाले काय खुळे आहेत? मोकळीक झाल्याशिवाय ते कोंबडीला हात लावू देईनात."

पडवीतल्या सगळ्यांनी हळूहळू चिसालेमामांकडे पाहिलं. पेला संपला होता. तरी तो तोंडालाच होता.

"दादा!" नाफिरी म्हणाली. तिच्या तोंडून पुढचा शब्द आला नाही, आणि नाफिरीच्या तोंडून पुढचा शब्द न येण्याची ती पहिलीच वेळ.

मामांनी पेला खाली ठेवला.

"दोलिका, बाळ. गैरसमज नको करून घेऊस."

"तुम्ही तिथे गेलात?"

"गेलो."

"आणि बोललात?"

"बोललो. फार नाही, अर्धा तास." मामांचा चेहरा आठवणीने जरा उजळला. "चांगलं बोललो गं. तुझ्या आवाजाबद्दल बोललो. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून बाजारात यायचीस ते सांगितलं. लोक रडले. मीही रडलो."

"का मामा?"

"कारण हा निघाला होता!" मामांनी वायसनकडे बोट केलं. "सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. म्हणाला, मामा, मला फनेसीकडे जायचंय. लग्न रीतसर मोडा, मला सोडा. मी म्हटलं, अरे, चौदा लग्नं लावलीत मी, एक मोडू दिलं नाही, तुझं मोडू देईन? त्यापेक्षा तिकडेही जा, इकडेही राहा. पण ती माणसं चर्चमधली. पहिली बायको जिवंत असेल तर पोरगी द्यायची नाही म्हणाली. मग दुसरा मार्ग काय राहिला? सांग ना! तुझा संसार टिकवला मी!"

कापेनीमामा मान डोलावत होते. दाराशी मामीसुद्धा मान डोलावत होत्या. क्षणभर दोलिकाला वाटलं, की या पडवीत हे सगळ्यांना पटतंय आणि आपल्यालाच काहीतरी समजत नाहीये. स्वतःच्या मयतावरचं ते अर्ध्या तासाचं भाषण ऐकू येतंय असं वाटलं, आणि त्या रडणाऱ्या गर्दीत आपण कुठे बसलोय ते तिला सापडेना.

मग तिने वायसनकडे पाहिलं.

"थोकोचे बाबा, हे खरं आहे? तुम्हाला तेव्हाच जायचं होतं?"

वायसन टोपी फिरवत राहिला. खोटं बोलायला जागा होती. सगळे त्याची वाट बघत होते, दोलिकाही.

"हो," तो म्हणाला.

"मग राहिलात का?"

"मामांनी सोडलं नाही."

"आणि मला का नाही विचारलंत?"

वायसनने टोपी उलटी केली. मामांना विचारायचं असतं एवढंच त्याला ठाऊक होतं; बायकोलाही विचारायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की दोलिकाला त्याची कीव आली.

सहा वर्षं. रोज संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा तिला वाटायचं, हा आला. आणि तो येत नव्हता. त्याला ठेवून घेतलं होतं, एखाद्या हट्टी म्हाताऱ्याच्या लौकिकासाठी. परत घ्यायचा की नाही यावर तीन आठवडे तिने डोकं शिणवलं. ज्याला परत घ्यायचं तो सहा वर्षांपूर्वीच दारात उभा राहून जाऊ का म्हणून विचारत होता. तिला नाही, दुसऱ्यांना.

तिने पिशवीतून पांढरा शर्ट काढला, उठली आणि त्याच्या हातात दिला.

"मग जा तुम्ही," ती म्हणाली. "हा घालून जा, अंगावरचा मळलाय."

"दोलिका!" चिसालेमामा खुर्चीतून उठलेच. "घाई नको! जरा विचार कर! चौदा लग्नं…"

"तेरा," नाफिरी म्हणाली.

मामींनी रिकामे पेले गोळा केले. कापेनीमामा जेवायला थांबावं की नाही या विचारात थोडे रेंगाळले, मग निघाले. दोलिका घरापर्यंत चालत गेली. दारात मायामिको होती. "बाबा येणार?" तिने विचारलं. "नाही," दोलिका म्हणाली, आणि तो शब्द इतक्या सहज निघाला की तीच दचकली.

वायसन त्या महिन्यात चितुंगूला राहायला गेला. दीड वर्षाने फनेसीने त्याला काढलं. तो आता लिवोन्डेला असतो, तिथे एका विधवेशी त्याने लग्न केलं आहे. खिडक्या करतो.